क्रिप्टोचा हिशेब आता एक्स्चेंज सरकारला देणार, मग आपलं काय?

या वेळी आलेली पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज बहुतेक सगळे क्रिप्टोवरच आहेत. क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या अ‍ॅपवर, म्हणजे एक्स्चेंजवर, नवीन फॉर्म येतोय, टॅक्ससाठी तुम्ही कुठल्या देशाचे रहिवासी, टॅक्स नंबर काय, खाली सही करा, आणि लोक एकतर घाबरून अ‍ॅपच उडवतायत नाहीतर न वाचता ओके दाबून पुढे जातायत. मला दोन्हीची काळजी वाटते, कारण उद्या तुमच्या नावानं नोटीस निघणार की नाही हे बऱ्यापैकी या फॉर्मवर आणि तुम्ही स्वतः ठेवलेल्या हिशेबावर ठरणार आहे. नावं छापत नाही, गाव तेवढं देतो. काही प्रश्न फार लांब होते ते आवरलेत.

साखळीचे एक वाचक विचारतात: एक टक्का टीडीएस कापतातच ना दर विक्रीला? सरकारला सगळं कळतंच मग. हे वेगळं रिपोर्टिंग कशाला आणलं?

दादा, १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के टॅक्स आला, कलम ११५बीबीएच, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, कलम १९४एस. टीडीएसमुळे माग लागतो हे बरोबर, पण कापणारा असेल तिथेच लागतो. बाहेरच्या एक्स्चेंजवर गेलं की कुणी कापत नव्हतं आणि कुणी कळवतही नव्हतं, आणि टीडीएस सुरू झाल्यावर किती लोक तिकडे गेले ते आमच्या कामातल्या सगळ्यांनी बघितलंय. बँकेतल्या पैशाचं हे भोक कधीच बुजवलंय, ओईसीडी या देशांच्या संघटनेचं सीआरएस, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती सरकारांनी एकमेकांना द्यायची पद्धत, २०१४ मध्ये आलं आणि भारत २०१७ पासून त्यात माहिती देतो-घेतो, म्हणून दुबईच्या किंवा लंडनच्या बँकेतल्या खात्याचा तपशील आज इथे पोचतो. पण क्रिप्टो बँकेत नसतो, तो त्या जाळीतून निसटत होता. म्हणून जी-२० च्या सांगण्यावरून ओईसीडीनं क्रिप्टोसाठी वेगळी चौकट केली, तिला कार्फ म्हणतात, २०२२ मध्ये ती मंजूर झाली. युरोपियन युनियन आणि ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२६ पासून एक्स्चेंज माहिती गोळा करतायत आणि २०२७ मध्ये देशादेशांत पहिली देवाणघेवाण होणार, युएई एक वर्ष मागून, २०२८ मध्ये.

आपल्याकडे २०२५ च्या बजेटात कलम २८५बीएए घातलं, लागू १ एप्रिल २०२६ पासून. आणि त्याच तारखेला नवीन आयकर कायदा २०२५ पण सुरू झाला, त्यामुळे हीच तरतूद आता तिथल्या कलम ५०९ मध्ये सापडते. कुणी जुना नंबर सांगेल कुणी नवा, गोष्ट एकच आहे. कलम म्हणतं की क्रिप्टोच्या व्यवहारांची माहिती ‘रिपोर्टिंग एंटिटी’नं, म्हणजे एक्स्चेंजसारखी सेवा देणाऱ्यानं, विवरण भरून द्यायची. तुम्ही द्यायची नाही, तुमच्याबद्दल दुसऱ्यानं द्यायची, आणि नेमकं म्हणूनच तुम्ही जागं राहायला पाहिजे.

पर्वरीचे एक तरुण वाचक: फर्मागुडीला इंजिनिअरिंग केलेले आम्ही तिघं मित्र एक छोटं अ‍ॅप चालवतो, लोक रुपये देतात, आम्ही त्यांना कॉइन काढून देतो, वर थोडं कमिशन. युजर अजून मोजकेच. आम्ही पण ‘सर्व्हिस प्रोव्हायडर’, म्हणजे ही माहिती द्यावी लागणारे, होतो का? शिवाय एक फुकटचं वॉलेट अ‍ॅप पण बनवतोय, त्यात चावी, म्हणजे कॉइन हलवायचा गुप्त कोड, युजरकडेच राहते, त्याला पण हे लागू होईल का?

पहिल्या अ‍ॅपचं उत्तर हो. आणि तुम्ही आत्ता विचारलंत हे फार चांगलं केलंत, कारण युजर वाढल्यावर मागे जाऊन माहिती गोळा करणं जवळजवळ अशक्य असतं.

७ मार्च २०२३ ची अधिसूचना आधी वाचा. तिनं क्रिप्टोचा धंदा मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली म्हणजे पीएमएलएखाली आणला. दुसऱ्यासाठी किंवा दुसऱ्याच्या वतीनं, धंदा म्हणून, रुपये देऊन कॉइन किंवा कॉइन देऊन रुपये करणं, एका कॉइनचा दुसरा करणं, कॉइन पाठवणं, सांभाळणं, नवीन कॉइन विकायला काढणाऱ्याच्या आर्थिक कामात भाग घेणं, यातलं काहीही करत असाल तर दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी लागते, एफआययू म्हणतात ते. लहान आहे म्हणून सूट असं त्यात नाही. नोंदणी म्हणजे नुसता नंबर मिळवणं नाही, प्रिन्सिपल ऑफिसर नेमायचा, संचालकांपैकी एकावर जबाबदारी टाकायची, केवायसी करायचं, संशयास्पद व्यवहार कळवायचे आणि कागद पाच वर्षं ठेवायचे. आपल्याला कोण विचारतो असं वाटत असेल तर लक्षात ठेवा, २८ डिसेंबर २०२३ ला एफआययूनं बाहेरच्या नऊ एक्स्चेंजना नोटिसा काढल्या, त्यात बायनान्स होतं, आणि जून २०२४ मध्ये बायनान्सला १८.८२ कोटींचा दंड झाला. एवढ्या मोठ्यांना नोंदणी करून मगच परत यावं लागलं.

पण एफआययूची नोंदणी झाली म्हणजे टॅक्सचं झालं असं नाही, इथेच बरेच जण चुकतात. एफआययू संशयास्पद व्यवहार बघतं. आयकराला सगळे हवेत, सरळसाध्या माणसाचे पण. ते विवरण वेगळं आणि टीडीएसचं तिमाही विवरण त्याहून वेगळं. टीडीएसमध्ये तुम्ही युजर-युजरमध्ये मध्यस्थ आहात की स्वतःकडचे कॉइन विकताय यावरून कापायची जबाबदारी कुणाची ते बदलतं, सीबीडीटीचं, म्हणजे केंद्राच्या प्रत्यक्ष कर मंडळाचं, २०२२ चं १३ नंबरचं परिपत्रक याच्यावरच आहे, प्रश्नोत्तरांच्या रूपात, एका बैठकीत वाचून होतं.

आता डेटाबेसचं सांगतो, कारण तुमचं खरं काम तिथे आहे. भारताच्या कलमात कुणी नोंदणी करायची, कुठली माहिती ठेवायची, युजरची तपासणी कशी करायची हे नियमांवर सोडलंय, आणि ओईसीडीची चौकट समोर ठेवलीत तर काय काय लागेल याचा नीट अंदाज येतो. प्रत्येक युजरचं नाव, पत्ता, जन्मतारीख, तो टॅक्ससाठी कुठल्या देशाचा किंवा देशांचा रहिवासी, त्या प्रत्येक देशाचा टॅक्स नंबर. युजर कंपनी असेल तर तिच्यामागची माणसं कोण. मग वर्षभराचे व्यवहार, प्रत्येक कॉइनचे वेगळे, त्यात रुपये देऊन घेतले किती, विकले किती, कॉइनला कॉइन बदलले किती, आत आले किती, बाहेर गेले किती, किती नग, किती वेळा, आणि त्या त्या क्षणाची चलनातली किंमत. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची, कॉइन टू कॉइन व्यवहारात रुपयातली किंमत तेव्हाच्या तेव्हा लिहून ठेवली नाही तर दोन वर्षांनी कुठून आणणार. आजच कॉलम घाला.

युजरकडून जो फॉर्म घ्यायचा त्याला स्वयंघोषणा म्हणा, तो घेतला आणि ठेवून दिला असं चालत नाही, तुमच्याकडच्या केवायसीशी तो जुळतो का ते बघायचं. पत्ता लिस्बनचा आणि फॉर्मवर फक्त भारत लिहिलंय तर विचारायचं, खुलासा येईपर्यंत खातं पुढे सरकवायचं नाही.

विवरणात खोट निघाली आणि खात्यानं कळवली तर दुरुस्तीला ३० दिवस मिळतात. भरल्यानंतर तुम्हालाच चूक सापडली तर १० दिवसांत कळवून बरोबर माहिती द्यायची. २०२६ च्या बजेटात याला दंडही जोडलाय, विवरण भरलं नाही तर दिवसाला २०० रुपये, आणि चुकीची माहिती देऊन ती सुधारली नाही तर ५०,०००. मोठ्या एक्स्चेंजला हे काही नाही पण तिघा मित्रांच्या कंपनीला लागतं, म्हणून पहिल्या वर्षीच एक सीए आणि एक कंप्लायन्स बघणारा माणूस धरा, जाहिरातीवर थोडं कमी खर्च करा.

वॉलेट अ‍ॅपचं, चावी युजरकडे आहे आणि तुम्ही खरेदी-विक्री करून देत नाही, नुसतं सॉफ्टवेअर देताय, तर ओईसीडीच्या व्याख्येत ते बसत नाही. त्यात स्वॅपचं, म्हणजे कॉइनला कॉइन बदलायचं, बटण घालून त्यावर कमिशन घेऊ लागलात की चित्र बदललं. बटण घालण्याआधी सल्ला घ्या, घातल्यावर नको.

वास्कोचे एक वाचक: माझ्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर पोर्टलवरच्या वार्षिक माहितीपत्रकात, क्रिप्टोची विक्री ४० लाख दाखवतायत. मी गुंतवले फक्त दोन लाख. ४० लाखांवर ३० टक्के भरायचे तर घर विकावं लागेल, झोप लागत नाही.

झोपा निवांत. ४० लाख ही तुमची विक्रीची बेरीज आहे, नफा नाही. तेच दोन लाख वर्षभरात वीस वेळा फिरले की बेरीज ४० लाख होते. मासळी विकणाऱ्या बाईचा दिवसाचा गल्ला म्हणजे तिची कमाई नव्हे, तसंच हे. एक्स्चेंजकडे विक्रीचा आकडा असतो, तुम्ही तो कॉइन कितीला घेतला होता हे त्याला नेहमी माहीत नसतं, दुसरीकडून आणून टाकला असेल तर अजिबातच नाही. नवीन रिपोर्टिंगमध्ये पण अशा बेरजाच जाणार आहेत. म्हणून नफा किती ते तुम्ही दाखवायचं, आणि दाखवायला कागद पाहिजे.

तुम्ही पाठवलेल्या यादीवरून गोल आकडे घेतो. काही सौद्यांत मिळून नफा ६०,०००, काही सौद्यांत मिळून तोटा ५०,०००. तुम्ही म्हणाल माझी कमाई १०,०००. कायदा तसं म्हणत नाही, ११५बीबीएचमध्ये एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी नेता येत नाही, आणि खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च धरत नाहीत. म्हणजे टॅक्स ६०,००० वर, ३० टक्के १८,००० आणि त्यावर ४ टक्के सेस, १८,७२०. आणि टीडीएस तुमचा कापलाय ४० लाखांवर १ टक्का म्हणजे ४०,०००. तर उरलेले २१,२८० तुमच्या बाकीच्या टॅक्समध्ये वळते होतील नाहीतर परत मिळतील. १०,००० कमवून १८,७२० टॅक्स हे मला स्वतःला अन्यायाचं वाटतं, शेअरवाल्याला तोटा वजा करू देतात आणि याला नाही, पण कायदा आहे तोवर हिशेब त्याच्याप्रमाणेच करायचा. रिटर्न आयटीआर-२, धंदा म्हणून करत असाल तर आयटीआर-३, दोन्हीत व्हीडीएचं, म्हणजे क्रिप्टोसारख्या डिजिटल मालमत्तेचं, वेगळं शेड्यूल आहे, तिथे प्रत्येक सौदा तारखेसकट टाकायचा. आणि हो, २०२५-२६ या वर्षाचं रिटर्न जुन्या १९६१ च्या कायद्याखालीच आहे, नवीन कायद्याचं बघून घाबरू नका.

एक्स्चेंजवरून पूर्ण स्टेटमेंट आजच उतरवून घ्या, पेनड्राइव्हवर ठेवा. अ‍ॅप बंद पडतात.

फोंड्याच्या एक वाचक: नवऱ्याचं एक्स्चेंजवर खातं आहे, त्याच्याच पॅनवर. मी शाळेत शिकवते, माझ्या नावावर क्रिप्टो नाही. आमच्या सीएनं सांगितलं निम्मा नफा माझ्या रिटर्नमध्ये दाखवावा लागेल. मी का दाखवू?

ताई, तुमचा सीए बरोबर सांगतोय आणि हा प्रश्न गोव्याबाहेरच्या कुठल्याच लेखात तुम्हाला सापडणार नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे लग्न नोंदवताना वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात, पोर्तुगीज सिव्हिल कोडमधून आलेली पद्धत. आयकर कायद्यात त्यासाठी कलम ५ए आहे, ते गोवा, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीलाच लागतं, नवीन कायद्यातही ही तरतूद ठेवलीय. त्यात पगार ज्याचा त्याचा राहतो, बाकीचं उत्पन्न, घरभाडं, धंदा, भांडवली नफा, व्याज, हे दोघांत अर्धं अर्धं. क्रिप्टोचा नफा पगार नाही. म्हणजे वरच्या उदाहरणातले ६०,००० तुमच्या घरचे असते तर ३०,००० त्याच्या रिटर्नमध्ये आणि ३०,००० तुमच्या.

यातून टॅक्स वाचतो का, तर साधारण नाही, कारण ३० टक्के हा सपाट दर आहे, त्याला स्लॅब नाही, दोघांचे मिळून तेवढेच होतात. काम मात्र वाढतं. एक्स्चेंज माहिती देणार एकाच पॅनवर, तुमच्या नवऱ्याच्या. त्यांच्या सिस्टीमला ५ए माहीत नाही, आणि नवीन रिपोर्टिंगमध्येही खातं ज्याचं त्याच्याच नावानं आकडे जाणार. मग त्याच्या एआयएसमध्ये ६०,००० चे सौदे, रिटर्नमध्ये ३०,०००, कॉम्प्युटर म्हणणार जुळत नाही. म्हणून रिटर्नमधलं शेड्यूल ५ए दोघांनी भरायचं, त्यात एकमेकांचा पॅन, कुठल्या हेडचं किती उत्पन्न वाटून दिलं, आणि टीडीएस किती वाटला हे पण. टीडीएसच्या शेड्यूलमध्ये ‘जोडीदाराचा, ५ए प्रमाणे’ असा पर्याय असतो तो निवडायचा, नाहीतर तुम्ही उत्पन्न दाखवाल आणि क्रेडिट मात्र नवऱ्याकडेच अडकून राहील, असं होऊन रिफंड अडकलेली घरं मी दर वर्षी बघतो. नोटीस आलीच तर लग्नाच्या नोंदणीची प्रत आणि दोन्ही रिटर्न एकत्र लावून उत्तर द्या. जी बाई घरीच असते, पॅन आहे पण रिटर्न कधी भरलं नाही, तिलाही हे लागू आहे, तिच्या वाट्याचा क्रिप्टोचा नफा आला की तिनं रिटर्न भरायचं.

आणि ताई एक टॅक्सबाहेरचं. सामाईक म्हणजे त्या कॉइनमध्ये तुमचा अर्धा वाटा आहे. खातं कुठल्या एक्स्चेंजवर, किती आहे, त्याला काही झालं तर कुणाकडे जायचं हे तुम्हाला माहीत असायला पाहिजे. विचारून घ्या त्याला, संकोच नको.

काणकोणचे एक वाचक: एक्स्चेंजवरून काढून हार्डवेअर वॉलेटमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या स्वतःकडच्या उपकरणात, टाकलं की कुणाला कळत नाही असं सांगतात, खरं का?

नाही. एक्स्चेंजवरून बाहेरच्या वॉलेटला किती गेलं हेच कार्फमध्ये कळवायच्या गोष्टींपैकी एक आहे. स्वतःच्या वॉलेटमध्ये नेणं ही विक्री नाही, त्यावर टॅक्स नाही, खुशाल न्या, फक्त कधी किती नेलं ते लिहून ठेवा. आणि लपवायला म्हणून नेत असाल तर १ फेब्रुवारी २०२५ पासून धाडीत सापडलेल्या अघोषित उत्पन्नात क्रिप्टोही धरतात एवढं लक्षात असू द्या.

मडगावच्या एक वाचक: बँकेनं दिलेला ई-रुपी यात येतो का?

येत नाही, ते रिझर्व्ह बँकेचं चलन आहे.

डिचोलीचे एक वाचक: धाकट्या भावाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, राहतो स्विंडनला, गोदामात काम करतो. त्याच्याकडे एक युरोपचं अ‍ॅप आहे आणि भारतातलं जुनं खातं पण. दोन्हीकडे फॉर्म आलाय. तो म्हणतो पोर्तुगाल लिहितो, पासपोर्ट तिथला आहे.

त्याला आजच फोन करा आणि थांबवा. पासपोर्ट कुठला याला इथे अर्थ नाही, टॅक्ससाठी रहिवासी कुठला हे विचारलंय. तो राहतो आणि कमावतो ब्रिटनमध्ये तर तो ब्रिटनचा. पोर्तुगाल लिहिलं तर त्याची माहिती पोर्तुगालच्या खात्याकडे जाईल, तिथे त्याचा काही पत्ताच नाही, मग पत्रव्यवहार सुरू, आणि तो तर कधी लिस्बनला चार दिवस राहिलेला नसेल. ब्रिटनमध्ये एक्स्चेंज त्याच्याकडून नॅशनल इन्शुरन्स नंबर किंवा यूटीआर, म्हणजे तिथला टॅक्स नंबर, मागणार, दिला नाही किंवा खोटा दिला तर ३०० पौंडांपर्यंत दंड त्यालाच, अ‍ॅपला नाही. तिथल्या एक्स्चेंजनी २०२६ चं पहिलं विवरण ३१ मे २०२७ पर्यंत द्यायचंय. वर्षाला ३,००० पौंडांपर्यंतच्या नफ्यावर तिथे कॅपिटल गेन्स टॅक्स नाही, त्याचा नफा कदाचित त्याच्या आतच असेल, पण कॉइन टू कॉइन पण तिथे विक्रीच धरतात, ते धरून बेरीज करायला सांगा.

भारतातलं खातं त्यानं इथे राहात असताना उघडलंय, केवायसीवर डिचोलीचा पत्ता. तिथे आता रहिवास बदललाय हे कळवायला पाहिजे. न कळवता तसंच चालवलं तर इथलं एक्स्चेंज त्याला भारताचा रहिवासी म्हणून दाखवणार आणि तिकडचं ब्रिटनचा, एकाच माणसाची दोन चित्रं दोन सरकारांकडे. जमलं तर इथलं खातं रिकामं करून बंद करावं, दोन देशांचं सांभाळणं गोदामात पाळी करणाऱ्या पोराला झेपणारं नाही.

गल्फमधल्या घरच्यांनी पण हे वाचावं. तिथे आयकर नाही म्हणून फॉर्म भरायचा नाही असं नसतं, युएईनं पण यात सही केलीय. आणि नोकरी सोडून गोव्यात परत आलात, इथले रहिवासी झालात की दुबईच्या अ‍ॅपवर तेही बदलून घ्या.

मोरजीचे एक वाचक: आमचं गेस्टहाऊस आहे. काही परदेशी पाहुणे खोलीचं भाडं यूएसडीटीत, म्हणजे डॉलरला बांधलेल्या कॉइनमध्ये, देऊ का विचारतात. घेतलं तर मी पण सर्व्हिस प्रोव्हायडर होतो का? शेजारचा तर त्यांचे कॉइन घेऊन रोख रुपये देतो, बऱ्यापैकी सुटतात म्हणतो.

खोलीचं भाडं घेतलं म्हणून तुम्ही प्रोव्हायडर होत नाही, तुम्ही खोली देताय, क्रिप्टोची सेवा देत नाही. पण त्या दिवसाच्या रुपयातल्या किमतीनं ते तुमच्या धंद्याचं उत्पन्न आहे, जीएसटी त्याच्यावरही, आणि पुढे ते कॉइन जास्त भावानं विकले तर वरच्या फरकावर परत ३० टक्के. फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, बाजूनं परदेशी माणसाकडून असं पेमेंट घेणं नीट बसत नाही, मी माझ्या क्लायंटना सरळ नको म्हणतो. कार्ड आहे, बँक आहे, परदेशी नोटा आहेत, त्यानं देऊ दे.

शेजाऱ्याचं वेगळं आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. कॉइन घेऊन रुपये देणं, पाहुणा बदलला तरी तेच काम, त्यात सुटतं म्हणून, हा सरळ धंदा झाला, म्हणजे मघाशी पर्वरीच्या मुलांना सांगितलं ते सगळं त्याला लागतं, अ‍ॅप नसलं आणि खुर्ची-टेबल असलं तरी. तो म्हणेल मी फक्त मदत करतो. मग तो जे कॉइन घेतो ते पुढे ऑनलाइन कुणाला तरी विकतो, त्याचे पैसे त्याच्या बँक खात्यात येतात, ते कुणाचे आहेत हे त्याला माहीत नसतं, आणि त्यातले थोडे जरी सायबर फ्रॉडचे निघाले तरी दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर त्याचं खातं गोठतं. मग गावातली पतसंस्था, मुलाची फी, सगळं अडतं, आणि खातं मोकळं करायला परराज्यात खेपा घालाव्या लागतात. त्याला हे दाखवा, तुमचं ऐकेल.

मुरगाव तालुक्यातल्या एक आई: मुलगा क्रूझवर तारवटी आहे. त्यानं माझ्या नावावर, माझ्या पॅनवर, माझ्या मोबाईल नंबरवर अ‍ॅप उघडलंय, सगळं तोच बोटीवरून करतो, मला ओटीपी तेवढा विचारतो. मला पेन्शन मिळते ती टॅक्समध्ये येत नाही. आता इन्कम टॅक्सचा मेसेज आला की १८ लाखांचे व्यवहार दिसतात, रिटर्न नाही. मी कधी शिकले नाही हे, काय करू?

बाय, तुम्ही काही चोरी केलेली नाही, पण ओटीपी देणं आजपासून बंद. मुलगा बोटीवरून चिडेल, चिडू दे.

सरकारच्या दृष्टीनं ते १८ लाख तुमचे आहेत, कारण पॅन तुमचा. एक्स्चेंज जे देणार ते तुमच्या नावानं देणार, मुलाचं नाव कुठेच नाही. आयकर खात्याला तो बोटीवर आहे, त्याचा एनआरआय दर्जा आहे, यातलं काही दिसत नाही. त्यानं जर पैसे तुम्हाला खरोखर दिले असतील तर मुलानं आईला दिलेल्या पैशावर टॅक्स नाही, पण त्या पैशातून क्रिप्टोत झालेला नफा तुमचा आणि त्यावर ३० टक्के तुमच्याकडून, पेन्शन कमी असली तरी, कारण या नफ्याला मूळ सूट मिळत नाही. आणि पैसे त्याचेच असतील, तुमचं फक्त नाव वापरलं असेल, तर नफा त्याचा आहे हे पुराव्यासकट सांगावं लागेल आणि दुसऱ्याच्या नावावर खातं का चालवलं याचं उत्तरही द्यावं लागेल, तो रस्ता अवघड. यातलं खरं काय ते मुलाला आधी विचारा, सोयीचं काय ते नंतर. सीएला दोघांनी एकच सांगायचं.

मग एक्स्चेंजकडून पहिल्या दिवसापासूनचं स्टेटमेंट मागवा, मेल तुमच्या नावानं जायला पाहिजे, शेजारचं कॉलेजला जाणारं कुणीही लिहून देईल. बँकेच्या पासबुकात मुलाकडून कधी किती आले त्याच्यावर खूण करा. टीडीएस १ टक्क्यानं कापलाय तो तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर कापलेल्या टॅक्सच्या यादीत, असेल, ते पैसे टॅक्समधून वजा होतात. ज्या वर्षाचं रिटर्न भरायची मुदत गेली त्याला अपडेटेड रिटर्नची सोय आहे, ती २०२५ पासून चार वर्षांपर्यंत वाढवलीय, पण जितका उशीर तितकी वरची रक्कम जास्त, टॅक्स आणि व्याजाच्या बेरजेवर पहिल्या वर्षात २५ टक्के, मग ५०, मग ६०, शेवटी ७०. अपडेटेड रिटर्ननं रिफंड मागता येत नाही, म्हणून टीडीएस जास्त कापला असेल तर आधी सीएला बेरीज करून बघायला सांगा. मेसेजला उत्तर पोर्टलवरूनच द्यायचं, लिंक दाबून नाही, कारण असे खोटे मेसेज पण फिरतात. जमत नसेल तर पॅन, आधार, पासबुक घेऊन जवळच्या सीएकडे जा, पणजीला पाटोवर आयकर भवनात चौकशी केलीत तरी चालेल. रिटर्न भरून झालं की ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करायचं असतं, तिथे जो ओटीपी येईल तो मात्र तुमच्या कामाचा, समोर बसून स्वतः टाका.